वाचकांचे प्रश्न: बालवाडी जूनमध्ये, तयारी मे महिन्यापासून

उन्हाळा लागला की बालवाडीबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न प्रवेशाचा असतो आणि दुसरा एबीसीडीचा. आम्ही मात्र आधी चार साध्या गोष्टी विचारतो. मुलाला चड्डी स्वतः खाली-वर करता येते का? डबा स्वतः उघडता येतो का? ‘पाणी हवं’ हे परक्या माणसाला सांगता येतं का? आणि आई गेली तरी ती परत येते, हे त्याला अनुभवाने ठाऊक आहे का? यावेळची उत्तरं बहुतेक याच चार गोष्टींभोवती आहेत.

प्रश्न: मुलगी येत्या नोव्हेंबरमध्ये ३ वर्षांची होईल. जूनमध्ये नर्सरीत घालता येईल का? तिच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकाना कोराच आहे. (एक आई, भांडुप)

महाराष्ट्रात नर्सरीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं पूर्ण झालेली चालतात आणि पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत ६. या हिशेबाने तुमची मुलगी बसते. काही शाळा आपली तारीख अलीकडे ठेवतात, तेव्हा फॉर्म घेण्याआधी फोन करून विचारा. नियमात बसते म्हणून घालायलाच हवं असं काही नाही. जूनमध्ये ती अडीच वर्षांच्या थोडी पुढे असेल आणि या वयात पाच-सहा महिन्यांनी फार फरक पडतो. घालणारच असाल तर दोन-अडीच तासांचा वर्ग निवडा, चार तासांचा नको. आणि महागडी नर्सरी हा एकच रस्ता नाही. अंगणवाडीत ३ ते ६ वयाच्या मुलांना शिक्षण आणि खाऊ दोन्ही मोफत मिळतं. महापालिकेच्या शाळांमधल्या बालवाड्याही बघून या. वर्गात उजेड आहे का, मुलं जमिनीवर मोकळी बसतात का, बाई खाली वाकून बोलतात का, एवढं पाहिलंत तरी पुष्कळ कळतं.

दाखल्याचं काम मात्र आजच हाती घ्या. नाव लावायचा अर्ज जिथे जन्माची नोंद झाली त्याच कार्यालयात करावा लागतो. इथेच मुंबईतले बरेच आईवडील अडकतात. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं असतं, नोंद सातारा किंवा चिपळूण नगरपालिकेत असते, आणि अर्ज घेऊन माणूस उभा असतो मुंबईच्या वॉर्ड ऑफिसात. पहिल्या वर्षात नाव मोफत लागतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो, त्यामुळे दुसऱ्या कागदाने वेळ मारून नेता येणार नाही. नाव लावताना इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि आधार कार्डावर तेच घाला. एका अक्षराच्या फरकापायी पुढे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं.

प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो. मुलगा सव्वातीन वर्षांचा, आजीकडे वाढलेला. माझ्यावाचून तो अर्धा तास राहील, पण अनोळखी माणसांत पाच मिनिटंही नाही. शाळेत रडरड होणार. काय करू? (एक आई, गोरेगाव)

रडेल, आणि ते रडणं निरोगी आहे. आपल्या माणसावर जीव असलेलं मूल त्याच्यापासून दूर होताना रडणारच. आपण ते रडणं किती लांबवतो की आटोक्यात आणतो, एवढंच आपल्या हातात असतं.

सराव आतापासून सुरू करा. पहिल्या आठवड्यात त्याला शेजारच्या काकूंकडे किंवा आत्याकडे २० मिनिटं ठेवा. जाताना सांगून जा, आणि सांगितल्याप्रमाणे परत या. पुढच्या आठवड्यात ४० मिनिटं, मग तास-दीड तास. त्याला घड्याळ कळत नाही, त्यामुळे ‘अकराला येते’ याला काही अर्थ नाही. ‘तुझा खाऊ खाऊन झाला आणि एक गाणं झालं की मी येते’ हे कळतं. शाळेतही हीच भाषा ठेवा: गाणी, मग डबा, मग गोष्ट, मग आई. शाळेचा रोजचा क्रम आधीच विचारून घ्या आणि घरी चार-पाच दिवस त्याच क्रमाने शाळा-शाळा खेळा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नजर चुकवून निघून जाणं. आजी खेळणं दाखवते आणि आई मागच्या मागे सटकते. त्या दिवशी रडणं टळतं, पण मूल एक गोष्ट शिकतं की आईवरून नजर काढली की ती नाहीशी होते. दुसऱ्या दिवसापासून ते साडी किंवा ओढणी धरून बसतं, न्हाणीघराच्या दाराशीही. दुसरी चूक खोट्या वेळेची. ‘पाच मिनिटांत आले हं’ म्हणून तीन तासांनी आलात की पुढच्या खऱ्या शब्दालाही किंमत उरत नाही. तिसरी चूक घरातली: ‘असं केलंस तर शाळेत बाई ओरडतील.’ ज्या बाईंच्या कुशीत शिरून त्याने शांत व्हायचं, त्यांचीच भीती आपण महिनाभर आधी घालून ठेवतो. घरातल्या सगळ्यांना हे वाक्य बंद करायला सांगा.

दाराशी निरोप एका मिनिटात उरका. खाली बसा, त्याच्या डोळ्यांत बघा, जवळ घ्या, ठरलेलं एकच वाक्य म्हणा, बाईंच्या हातात हात द्या आणि निघा. ‘जाऊ ना? नक्की जाऊ?’ असं विचारू नका. तो ‘नको’ म्हणणार आणि तुम्ही तरीही जाणार, मग विचारलंत कशाला? खिडकीतून डोकावणंही टाळा. शांत होत आलेलं मूल आई दिसली की पुन्हा पहिल्यापासून रडतं.

पहिले दोन आठवडे सोडायला एकच माणूस जावा. कोणाबरोबर तो कमी रडतो ते पाहून ठरवा. पुष्कळ मुलं बाबांबरोबर किंवा आजोबांबरोबर सहज आत जातात, यात आईने वाईट वाटून घेऊ नये. आणायला दहा मिनिटं आधी पोहोचा. सगळी मुलं गेली आणि आपण एकटेच राहिलो, हा अनुभव पहिल्या महिन्यात टाळायचाच. लोकल उशिरा आली तर आणायला दुसरं कोण जाईल ते आधी ठरवा, आणि त्या माणसाचं नाव व फोटो शाळेत देऊन ठेवा. रजा प्रवेशाच्या धावपळीत संपवू नका. शाळा सुरू होते त्या पहिल्या दोन आठवड्यांसाठी राखा, दोघांत वाटून घ्या.

दुसऱ्या आठवड्यात रडणं वाढलं तर घाबरू नका. पहिल्या आठवड्यात नवलाई असते, दुसऱ्यात कळतं की हे आता रोजचंच आहे. सोमवारी, आजारपणानंतर, गणपतीच्या आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा दोन-तीन दिवस जड जातात. बाईंना ‘रडला का?’ एवढंच विचारू नका. किती वेळ रडला, कोणाजवळ थांबला, डबा खाल्ला का, हे विचारा. तुम्ही गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मूल खेळायला लागत असेल तर सगळं ठीक चाललंय. चार आठवड्यांनंतरही ते पूर्ण वेळ रडत असेल, शाळेत काहीच खात नसेल, रात्री दचकून उठत असेल किंवा एखाद्याच माणसाला वा एखाद्याच खोलीला घाबरत असेल, तर शाळेशी बसून बोला आणि बालरोगतज्ज्ञांनाही दाखवा.

प्रश्न: आम्ही चाळीत राहतो, संडास मजल्याच्या टोकाला सामायिक आहे. मुलगी शू मोरीत करते, शीसाठी तिचं भांडं आहे. शाळेत कमोड आहे म्हणे. ती तीन वर्षांची आहे. (एक आई, लालबाग)

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि बालवाडीतल्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात. चाळीतल्या मुलांना कमोड उंच आणि पोकळ वाटतो, आपण आत पडू असं वाटतं. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांची गत उलटी होते. भारतीय संडासावर बसताना त्यांचा तोल जातो, टाचा टेकत नाहीत. दोन्ही प्रकारची मुलं एकच उपाय शोधतात: धरून ठेवणं. त्यात भर म्हणून शाळेत कपडे ओले होऊ नयेत यासाठी काही घरांतून पाणी कमी दिलं जातं. पाणी कमी आणि धरून ठेवणं वाढलं की शी कडक होते. कडक शी करताना दुखतं, म्हणून मूल आणखी धरून ठेवतं. लघवीचा जंतुसंसर्गही याच वाटेने येतो. म्हणून पाणी कधीही कमी करू नका.

प्रवेश झाला की मुलीला घेऊन शाळेचं स्वच्छतागृह बघायला जा, शाळा नाही म्हणत नाही. दारं, फ्लश, नळ तिला दाखवा. फ्लशचा आवाज मुलांना दचकवतो, तेव्हा एकदा तिच्याच हाताने तो ओढू द्या. कमोड ज्यांच्या घरी आहे त्या नातेवाइकांकडे आठवड्यातून दोनदा सराव करवा. पाय लोंबकळत राहिले तर पोटाला जोर लावता येत नाही, म्हणून पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल हवं. शाळेत तशी सोय आहे का तेही विचारा.

घरी वेळा बांधा: उठल्यावर, नाश्त्यानंतर, बाहेर निघताना, झोपण्याआधी. खाल्ल्यावर आतडी आपोआप हलू लागतात, त्यामुळे नाश्त्यानंतर ५ ते १० मिनिटं शांत बसवलं तर शीची सवय शाळेच्या आधीच्या वेळेला लागते. दर दहा मिनिटांनी ‘शू आली का?’ विचारलं की मूल खेळ सोडायला नको म्हणून ‘नाही’च म्हणतं. ‘चल, शू करून येऊ’ म्हणा आणि घेऊन जा.

कपडे हा अर्धा उपाय आहे. इलॅस्टिकची चड्डी किंवा लेगिंग घाला. डंगरी, बेल्ट, हूक, घट्ट जीन्स हे सगळं रविवारी. चड्डी वर घेताना मुलं फक्त पुढून ओढतात आणि मागे ती अडकून राहते. अंगठे दोन्ही बाजूंनी आत घालून मागचा भाग आधी वर घ्यायचा, हे एकदा हात धरून दाखवा. शी नीट धुणं मात्र तीन वर्षांच्या मुलाला जमत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. शाळेत कोणती मावशी धुवून देते ते विचारा, मुलीची तिच्याशी ओळख करून द्या आणि सांगा: ‘शी धुवायला फक्त या मावशी, इतर कोणीही नाही. दुसऱ्या कोणी हात लावला तर घरी येऊन सांगायचं, आई रागावणार नाही.’ अवयवांची नावं साध्या शब्दांत शिकवा. मदत लागलीच तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे.

शाळेत चड्डी ओली झाली तर घरी त्याचा विषय काढू नका. पहिल्या दोन महिन्यांत ते चालतंच. एका प्लास्टिकच्या पिशवीत कपड्यांचा एक जोड, दोन चड्ड्या आणि ओल्या कपड्यांसाठी दुसरी रिकामी पिशवी दप्तरात कायम ठेवा.

प्रश्न: मे महिन्यात आम्ही कोकणात गावी असतो. शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होते, आम्ही १३ तारखेला परत येऊ. चालेल ना? (एक वडील, कांदिवली)

शक्य असेल तर एक आठवडा आधी या. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप लागते. गावी मुलं अकराला झोपतात आणि नऊला उठतात. साडेआठच्या शाळेसाठी सातला उठायचं तर रात्री नऊच्या सुमाराला झोपायला हवं. हा दोन तासांचा फरक दोन दिवसांत भरून निघत नाही. दर तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे सरकवलं तर जवळजवळ साडेतीन आठवडे लागतात, म्हणजे सुरुवात गावीच करावी लागेल. आधी उठण्याची वेळ सरकवा, झोपेची मागून येते. मुंबईत बाबा साडेआठ-नऊला घरी येतात आणि तेव्हाच खेळ रंगतो, हे आम्हाला माहीत आहे. मग मुलाचं जेवण बाबा यायच्या आधी उरका, आणि बाबांच्या वाट्याला गोष्ट आणि थोपटणं ठेवा. मोबाईल दिवसात तासाभराच्या वर नको, आणि झोपेआधी तर नकोच.

प्रश्न: डब्यात काय आणि किती द्यावं? मुलगा घरी भरवल्याशिवाय खात नाही. (एक आई, मुलुंड)

आधी भरवणं थांबवा, मग डब्याचा विचार करा. रोज एक खाणं, संध्याकाळचं, जमिनीवर सतरंजीवर बसून, डब्यातून, स्वतःच्या हाताने, टीव्ही बंद. वेळ २० मिनिटं, कारण शाळेत तेवढाच मिळतो. सांडलं तर सांडू द्या.

डब्याचं झाकण हा खरा अडसर असतो. चार बाजूंनी खटके असलेले डबे मोठ्यांच्या बोटांनाही जड जातात. गरम पदार्थ भरून लगेच घट्ट झाकण लावलं की थंड होताना आतली हवा आकसते, झाकण आत ओढलं जातं आणि मुलाला ते काही केल्या उघडत नाही. शिवाय वाफेचं पाणी खाली गळून पोळी ओली होते. मुंबईच्या दमट हवेत असा डबा लवकर आंबतो. पदार्थ ताटात पसरून निववा, मगच भरा. दुकानातून डबा घेताना मुलालाच उघडायला द्या.

प्रमाण कमी ठेवा: अर्धी पोळी, किंवा दोन लहान इडल्या, किंवा तळहाताएवढं एक थालीपीठ, सोबत फळाच्या तीन-चार फोडी. संपलेला डबा मुलाला हुरूप देतो, उरलेला डबा घरी बोलणी खायला लावतो. पोळीला तूप-गूळ किंवा भाजी लावून गुंडाळी करा आणि तिचे बोटभर तुकडे करा. घावन, धिरडं, तांदळाच्या पिठाचं थालीपीठ, मुगाचे छोटे डोसे गार झाले तरी चांगले लागतात. पोहे सुकतात आणि चिमटीत धरता येत नाहीत, साबुदाण्याची खिचडी गोळा होते. ते घरीच गरम खावेत. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, चिक्की, पॉपकॉर्न देऊ नका, घशात अडकून श्वास कोंडू शकतो. द्राक्षं द्यायचीच तर उभी चिरून चार तुकडे करा. पाण्याची बाटली ३०० ते ३५० मिलिलिटरची, साध्या झाकणाची घ्या. स्ट्रॉच्या बाटलीत नळीच्या आत बुरशी धरते आणि ती बाहेरून दिसत नाही.

प्रश्न: नातू साडेतीन वर्षांचा आहे. शेजारचा मुलगा ए टू झेड लिहितो, आमचा नुसत्या रेघोट्या ओढतो. रोज अर्धा तास गिरवायला बसवू का? (एक आजोबा, दादर)

आजोबा, नका बसवू. साधारण तीन वर्षांचं मूल गोल काढतं, चौथ्या वर्षी अधिकचं चिन्ह, पाचव्याच्या आसपास चौकोन आणि त्रिकोण. अक्षरांमध्ये हेच आकार जोडलेले असतात. हाताची ताकद खांद्याकडून बोटांकडे उतरत जाते. बोटं तयार नसताना पेन्सिल दिली तर मूल ती मुठीत धरतं, आणि मग ती पकड सुटता सुटत नाही. तुमच्या रेघोट्यावाल्या नातवाची गाडी अगदी वेळेवर आहे.

तुमच्याकडे वेळ आहे, तो असा वापरा. मटार सोलताना, मेथी निवडताना, कणीक मळताना त्याला शेजारी बसवा. कपडे वाळत घालताना चिमटे त्याला लावू द्या. चिमटा दाबताना अंगठा आणि पहिली दोन बोटं कामाला लागतात, आणि पेन्सिलही तीच बोटं धरतात. दोन भांड्यांत पाणी इकडून तिकडे ओतू द्या. मेणखडू अख्खा देऊ नका, बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या. एवढासा तुकडा मुठीत मावत नाही, म्हणून तो आपोआप चिमटीत धरला जातो. कागद भिंतीवर चिकटवून उभ्याने रंगवू द्या, त्याने मनगट तयार होतं. राजमा, वाटाणे असं बारीक काही हातात दिलं तर समोरून हलू नका, मुलं ते नाकात घालतात. तो डावा हात वापरत असेल तर वापरू द्या.

हे काही नवं खूळ नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला पानं, बिया, शिंपले हातात देऊनच मुलांना शिकवलं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही ३ ते ८ वयासाठी खेळातून शिक्षणच सांगतं. शाळेने नर्सरीत रोज पानभर गृहपाठ दिला तर पालकांनी मिळून बाईंशी बोलायला हवं.

प्रश्न: घरी मराठी, शाळा इंग्रजी. आतापासून घरी इंग्रजीच बोलावं का? मुलगी तीन वर्षांची, अजून दोन शब्दांचीच वाक्यं बोलते. (एक वडील, परळ)

घरी मराठीच बोला, भरपूर आणि पूर्ण वाक्यांत. दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. मोडक्या इंग्रजीत तुटक बोलणारे आईबाप मिळाले तर मात्र त्याला एकही भाषा धड मिळत नाही. शाळेसाठी पाच-सहा शब्द पुरेत: वॉटर, टॉयलेट, हेल्प, पेन (म्हणजे दुखतंय), नो, आणि स्वतःचं पूर्ण नाव. वर्गातल्या मावशी बहुधा मराठी किंवा हिंदी बोलतात, तेही तिला सांगून ठेवा.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. तीन वर्षांच्या मुलाने तीन-चार शब्दांची वाक्यं बोलावीत आणि त्याचं बहुतेक बोलणं परक्यालाही कळावं. ती तिथवर आलेली नसेल तर ‘शाळेत गेली की बोलेल’ म्हणून थांबू नका. आधी श्रवणतपासणी करा, कारण सर्दीने वारंवार कानात पाणी साठणाऱ्या मुलांनाही कमी ऐकू येतं. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्थेत ही तपासणी आणि वाचा-उपचार दोन्ही होतात.

प्रश्न: पावसाळ्यात शाळा सुरू होणार. छत्री, रेनकोट, आजारपण याचं काय? (एक आई, कुर्ला)

छत्री नको, मुलाचे दोन्ही हात मोकळे राहू देत. रेनकोट गुडघ्याच्या वर संपणारा, पुढून चिकटपट्टीने बंद होणारा घ्या. पायघोळ रेनकोट जिन्यावर पायात येतो. गमबूट कुर्ल्यासारख्या पाणी भरणाऱ्या भागात आतून भरून जड होतात. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल बऱ्या, मोजे दप्तरात कोरडे ठेवा. प्रत्येक वस्तूवर नाव घाला, आत आणि बाहेर.

पहिल्या वर्षी सर्दी-खोकला वारंवार होणार. लसीकरणाचं कार्ड शाळेआधी डॉक्टरांना दाखवून राहिलेले डोस पुरे करा. ताप उतरल्यावर, औषध न देता पूर्ण २४ तास ताप नसेल तरच पाठवा. तोंडात, तळहातावर, तळपायावर फोड दिसले तर हात-पाय-तोंडाचा विषाणूजन्य आजार असू शकतो. तो बालवाडीत झपाट्याने पसरतो. फोड सुकेपर्यंत घरी ठेवा आणि शाळेला त्याच दिवशी कळवा, म्हणजे बाकीच्या पालकांना लक्ष ठेवता येईल.

प्रश्न: व्हॅन पहिल्या दिवसापासून लावू का? (एक आई, चेंबूर)

पहिले दोन आठवडे नको. आधी मुलाला शाळा ओळखीची होऊ द्या, मग प्रवास. लावताना गाडीत मदतनीस बाई आहे का, मुलं मोजून चढवतात-उतरवतात का, किती मुलं बसवतात, तुमचं मूल कितव्या क्रमांकाने उतरतं आणि एकूण किती वेळ गाडीत बसतं, हे विचारा. अर्ध्या तासाच्या वर असेल तर दुसरी सोय शोधा. पहिल्या दिवशी स्वतः त्याच्याबरोबर बसून जा. दाराशी मूल कोणाच्या हातात द्यायचं त्या माणसांची नावं लिहून द्या, आणि यादीत नसलेल्या कोणाकडेही, सख्ख्या मामाकडेसुद्धा, तुमचा फोन आल्याशिवाय सोपवायचं नाही, हे चालकाला आणि बाईंना दोघांनाही सांगा.